हिशेब मागणारा नागरिक

१८९७ साली ‘द सिटिझन ऑफ इंडिया’ नावाचं एक पाठ्यपुस्तक निघालं. लेखक विल्यम ली-वॉर्नर, मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेतला इंग्रज अधिकारी. गाव, शहर, जिल्हा, प्रांत आणि मग राणीचं राज्य, अशा पायऱ्यांनी ते हिंदुस्थानातल्या शाळकरी मुलाला सरकारची ओळख करून देतं. इंग्रजी अमलाने देशात शांतता कशी आणली, सरकार प्रजेच्या आरोग्याची आणि रक्षणाची कशी काळजी घेतं, हे त्यात समजावलेलं आहे. पुस्तकाचा रोख उघड होता. राज्य आपल्या भल्यासाठी चाललं आहे हे मुलांना पटावं आणि त्यांनी कायद्याच्या चाकोरीत राहावं. मुखपृष्ठावर त्या मुलाला नागरिक म्हटलं होतं. पण आपल्यावर राज्य कोणी करावं हे ठरवण्याचा अधिकार त्याच्या बापालाही नव्हता.

आपल्याकडच्या नागरिकशास्त्राचा उगम असा सरकारी आहे. तरी त्याच्या पंधरा वर्षं आधीच एका माणसाने सरकारकडे दुसऱ्या बाजूने पाहायला सुरुवात केली होती. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुले यांनी निवेदन दिलं. त्यांचं म्हणणं रोखठोक होतं: सरकारच्या तिजोरीत पैसा येतो तो रयतेच्या घामातून, आणि शिक्षणावरचा खर्च जातो वरच्या वर्गांच्या मुलांवर. म्हणून बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाकडे सरकारने आधी लक्ष द्यावं. या निवेदनात नागरिकत्वाची व्याख्या कुठे नाही. तरी सारा भरणारा माणूस राज्यकर्त्याला विचारतो आहे की आमच्या पैशाचं तुम्ही काय केलंत. माझ्या मते आपल्याकडच्या नागरिकशास्त्राचा खरा पहिला धडा हाच. तो पाठ्यपुस्तकात यायला मात्र फार उशीर झाला.

पुढचं पाऊल डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष देताना त्यांनी मताधिकाराकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. लोक आधी शहाणे होतील, मग त्यांना मत द्यावं, हा त्या काळचा सर्वमान्य विचार. आंबेडकरांचा मुद्दा असा की सार्वजनिक कारभारात भाग घेणं हेच मोठं शिक्षण आहे. ज्याला कारभारापासून दूर ठेवलं त्याला त्या शिक्षणापासूनही दूर ठेवलं. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे त्यांनी एकवीस वर्षांवरच्या प्रत्येक स्त्री-पुरुषाला मत मागितलं. अक्षरओळख नाही म्हणून माणसाला आपलं हित कळत नाही, हे त्यांनी मानलं नाही.

या विचाराची कसोटी १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत लागली. मतदार सतरा कोटींहून अधिक आणि १९५१ च्या जनगणनेत साक्षरता जेमतेम १८ टक्के. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याचं चिन्ह चिकटवलेलं. मतदाराने मतपत्रिका आपल्या पसंतीच्या पेटीत टाकायची. याद्या करताना लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको एवढंच सांगितलं. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद मान्य केली नाही. सुमारे २८ लाख नावं यादीतून गळाली. निर्णय कठोर होता, त्या बायकांचं मत त्या वेळी बुडालं. पण प्रजासत्ताकात बाईला स्वतःच्या नावाने उभं राहावं लागतं आणि सरकारलाही तिला त्याच नावाने ओळखावं लागतं, हे त्या एका निर्णयाने गावोगावी कळलं.

मोठ्यांचं शिक्षण असं मतदान केंद्रावर होत असताना मुलांचं शिक्षण वर्गात अडकलं. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने लोकशाहीला साजेसा नागरिक घडवणं हे माध्यमिक शिक्षणाचं उद्दिष्ट ठरवलं. त्याआधी १९३७ च्या वर्धा परिषदेतून निघालेल्या नई तालीमने तर मुलांच्या हाती झाडू, चरखा आणि शाळेचा कारभारही दिला होता. मात्र सर्वत्र पसरली ती परीक्षेची शाळा, आणि परीक्षेला सोयीचं ते टिकलं. राष्ट्रपतीचं किमान वय किती, राज्यसभेची मुदत किती, महाभियोग कोणावर. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मूलभूत कर्तव्यं आली, तीही पाठांतराच्या यादीत जमा झाली. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या वेळी तज्ज्ञांनी या विषयाच्या वसाहतकालीन मुळावर बोट ठेवलं आणि नागरिकशास्त्राऐवजी राज्यशास्त्र शिकवण्याची शिफारस केली.

महाराष्ट्रात आज सहावीला स्थानिक शासन, सातवीला संविधान, आठवीला संसद असा क्रम आहे. पुस्तकं पूर्वीपेक्षा कितीतरी चांगली झाली आहेत. प्रत्येक पाठ्यपुस्तकात संविधानाची उद्देशिका छापलेली असते. तरीही दहावीच्या ४० गुणांच्या इतिहास-राज्यशास्त्राच्या पेपरात राज्यशास्त्राच्या वाट्याला १२ गुण येतात, आणि तेवढ्याच हिशेबाने तो विषय शिकवला आणि शिकला जातो. ग्रामसभेवर टीप लिहून पूर्ण गुण मिळवणारं मूल ग्रामसभेत कधी बसलेलं नसतं.

बसलं, तर काय दिसेल? सरपंच अध्यक्षस्थानी, शेजारी ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक), पुढ्यात प्रोसिडिंग बुक. हा अधिकारी मागच्या सभेचं इतिवृत्त भराभर वाचतो. गणपूर्ती लागते मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांत जे कमी असेल ते. तेवढी माणसं जमली नाहीत की सभा तहकूब. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मग मूठभर माणसं बसतात, सूचक आणि अनुमोदकाची नावं लिहिली जातात आणि गावाच्या नावाने ठराव होतो. चौदा वर्षांच्या मुलीने हे एकदा डोळ्यांनी पाहिलं, की लोक सभेला आले नाहीत तर अधिकार कोणाच्या हाती जातो हे तिला वेगळं शिकवावं लागणार नाही. एखादी म्हातारी उठून विचारते, आमच्या आळीच्या गटाराचे पैसे मंजूर झाले होते, काम कुठाय? सभा क्षणभर गप्प होते. पुस्तकातलं उत्तरदायी शासन ते हेच.

या रस्त्याने पार टोकापर्यंत गेलेलं गाव आपल्याकडे आहे. गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा (लेखा). तिथल्या गोंड आदिवासींनी अभ्यासगट केले, कायदे समजून घेतले, आणि निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घ्यायचे असं ठरवलं. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्यांची घोषणा. २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा या गावाची तयारी आधीच झालेली होती. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला, आणि २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. एवढं राज्यशास्त्र तिथली माणसं शिकली ती गरज होती म्हणून, आणि शिकलेलं लगेच वापरायचं होतं म्हणून.

शिक्षकांची एक भीती मला समजते. ग्रामसभेत भाऊबंदकी असते, पक्षांची ओढाताण असते. मुलांना त्यात नेलं तर शाळेत राजकारण शिरलं म्हणून ओरड होईल. शाळेने कुठल्या पक्षाचा झेंडा हातात घेऊ नये हे बरोबरच आहे. पण सत्ता कशी चालते हे मुलांपासून झाकून ठेवलं, तर अठराव्या वर्षी मतदानाला जाणारा मुलगा ते शिकणार गल्लीतल्या कार्यकर्त्याकडून आणि मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींतून. १९८९ पासून मतदानाचं वय अठरा झालं. दहावी आणि पहिलं मत यांत दोन-तीन वर्षांचंच अंतर उरलं आहे, आणि तेवढ्यात त्याला हिशेब मागायला शिकवायचं आहे.

ली-वॉर्नरच्या काळाने मुलांकडून निष्ठा मागितली, स्वातंत्र्यानंतर आपण त्यांच्याकडून कर्तव्याची कबुली घेतली. फुल्यांनी विचारलेला प्रश्न मुलांच्या तोंडी देणं अजून बाकी आहे, आणि त्यासाठी नवं पुस्तक, नवा आदेश काहीच लागत नाही. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांची ग्रामसभा आपल्याकडे रूढ आहे. मुख्याध्यापकांनी आणि सरपंचांनी मिळून ठरवावं आणि येत्या सभेला नववी-दहावीच्या मुलामुलींना मागच्या रांगेत बसवावं. शहरातल्या शाळांनी आपल्या नगरसेवकाला वर्गात बोलावून वॉर्डाच्या खर्चाचा कागद मुलांपुढे ठेवायला लावावा. मुलांना मत नाही. पण पाहायला, ऐकायला आणि परतल्यावर वर्गात प्रश्न विचारायला वयाची अट नाही.

आणि आपण मोठ्यांनीही त्या दिवशी सभेला जावं. रिकाम्या खुर्च्या बघून आलेल्या मुलांना नागरिकत्वाचा धडा कोणत्या तोंडाने द्यायचा?