पूर्वपक्षाचा राखणदार

१९२६ साली गुजरातेतल्या पाटणच्या एका जैन ज्ञानभांडारात ताडपत्रावरची एक पोथी हाती लागली. जयराशी भट्टाचा ‘तत्त्वोपप्लवसिंह’ तो हाच. पंडित सुखलाल संघवी आणि रसिकलाल परीख यांनी संपादन केल्यावर १९४० मध्ये तो बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये छापून आला. कोणतेच प्रमाण शेवटपर्यंत टिकत नाही, असे मांडत जयराशी नैयायिक, मीमांसक, बौद्ध अशा सगळ्यांची बैठक उखडतो. जैनांनाही तो सोडत नाही. लोकायतांशी, म्हणजे चार्वाकमताशी, जोडला जाणारा एवढाच सलग ग्रंथ आज आपल्याकडे आहे. एरवी चार्वाक भेटतो तो विरोधकांच्या तोंडून. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त तो पहिल्याच प्रकरणात येतो, पण तिथेही त्याची बाजू मांडणारा त्याच्या बाजूचा नाही. सदाशिव आठवले किंवा आ. ह. साळुंखे यांनी मराठीत चार्वाकावर लिहिले, तेव्हा त्यांनाही बरीचशी सामग्री अशाच परक्या अवतरणांतून वेचावी लागली. ज्या परंपरेवर जयराशीने टीका केली, तिच्याच भांडाराने त्याची पोथी शतकानुशतके सांभाळली. ग्रंथपालाच्या धर्माचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

हे आठवायचे कारण एक साधा वाटणारा प्रश्न आहे. भिवंडीसारख्या गावातल्या ग्रंथपालाने ब्लॉगची साधने शिकण्यात, यूट्यूब-पॉडकास्ट धुंडाळण्यात आणि जपानी ॲनिमे पाहण्यात वेळ घालवावा का? वरवर हा कामाच्या तासांचा हिशेब वाटतो, पण त्याच्या पोटात तत्त्वज्ञानाचा जुना प्रश्न आहे: जे आपल्याला हलके, परके किंवा चुकीचे वाटते, त्याचे आपण काय देणे लागतो? आपल्या दर्शनपरंपरेचे उत्तर ठरलेले आहे. खंडनाआधी पूर्वपक्ष मांडायचा, आणि तो असा मांडायचा की प्रतिपक्षाने म्हणावे, ‘हो, माझे म्हणणे हेच.’ पंडिताला पुढे सिद्धान्तही सांगावा लागतो. ग्रंथपालावर ती जबाबदारी नाही. त्याने समाजाच्या वतीने पूर्वपक्ष राखायचा असतो, म्हणजे ज्याच्याशी वाद घालायचा ते मूळ रूपात, त्याच्या स्वतःच्या आवाजात उपलब्ध ठेवायचे. आज पूर्वपक्ष पोथीत कमी आणि पडद्यावर जास्त सापडतो. त्यामुळे पडद्याची ओळख करून घेणे ही ग्रंथपालाची हौस नव्हे, त्याच्या कामाचाच भाग आहे.

ओळखीशिवाय निकाल दिला की काय होते, याचा दाखला ॲनिमेच्याच इतिहासात आहे. जपानी माहितीपटकार युगो साको १९८३ मध्ये भारतात आले ते पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांच्या उत्खननावर माहितीपट करायला. तिथून ते रामकथेच्या नादी लागले. त्या माहितीपटाच्या वर्तमानपत्री बातमीवरून गैरसमज झाला आणि परदेशी माणूस रामायणावर मनमानी चित्रपट कसा काढतो, असा आक्षेप विश्व हिंदू परिषदेने जपानी दूतावासाकडे नोंदवला. तोवर चित्रपटाचे एकही चित्र रेखाटले गेले नव्हते. पुढे कोइची सासाकी आणि आपले राम मोहन यांच्यासह साकोंनी ‘रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम’ पुरा केला. वनराज भाटिया यांचे संगीत लाभलेला हा चित्रपट १९९३ च्या जानेवारीत दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखवला गेला आणि जानेवारी २०२५ मध्ये देशभरच्या चित्रपटगृहांत प्रेक्षकांनी तो आवडीने पाहिला. साकोंची भूमिका विचार करण्याजोगी होती. राम देव आहे, म्हणून त्याला नटाच्या देहापेक्षा रेखाटनातूनच दाखवणे उचित, असे ते मानत. नटाचा देह रामाच्या आधी आणि नंतरही दुसऱ्या कुणाचा असतो. रेखाटलेला राम मात्र रामापुरताच असतो. हा मूर्तीविषयीचा धर्मशास्त्रीय युक्तिवाद आहे. तो पटो न पटो, ‘कार्टून म्हणजे विटंबना’ एवढ्यावर थांबणाऱ्याच्या तो कानावरच पडत नाही.

दुसरे उदाहरण महाराष्ट्राच्या अधिक जवळचे आहे. ओसामू तेझुका यांनी १९७२ ते १९८३ या काळात ‘बुद्ध’ ही प्रदीर्घ चित्रकथा रचली. २०११ मध्ये तिच्यावर ॲनिमेपट निघाला. तिच्यात तेझुकांनी छाप्रा हा गुलाम मुलगा आणि तत्ता हा बहिष्कृत मुलगा अशी कल्पित पात्रे आणली आणि जातीच्या उतरंडीला कथेच्या मध्यभागी बसवले. आपल्याकडे बुद्धचरित्र निव्वळ साहित्याचा विषय नाही. १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर, १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ने ते नव्याने वाचले. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, हे परंपरागत कारण बाबासाहेबांनी नाकारले आणि त्या जागी रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेला शाक्य-कोलियांचा तंटा ठेवला. ठाणे जिल्ह्यातला एखादा मुलगा ॲनिमेतून बुद्धाला प्रथम भेटत असेल, तर त्याच्या हाती बाबासाहेबांचे पुस्तकही पडावे, आणि ते वाचणाऱ्याला ॲनिमेचाही पत्ता असावा. ही जोडणी संगणकाकडून आपोआप होत नाही. ती करणाऱ्या माणसाला दोन्ही ठाऊक असावी लागतात.

यावर पहिला आक्षेप माध्यमाच्या पायरीचा येतो: शब्द गंभीर, चित्र पोरकट. मराठी मुलखातून तरी हा आक्षेप निघू नये. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी चित्रांच्या पोथीतले एकेक पान समोर धरून रामायण सांगत आले. चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्याही त्यांनी पडद्यावर नाचवल्या. रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि त्याचे रंगीत देव घरोघरच्या देव्हाऱ्यांत गेले. त्याच छापखान्यात काम केलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१७ मध्ये ‘लंकादहन’ काढला. त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनी केल्या आणि प्रेक्षकांनी तो भक्तिभावाने पाहिला. हलत्या चित्रातल्या देवाशी आपला परिचय साकोंच्या रामाच्या कितीतरी आधीचा आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: संग्रहात ठेवणे म्हणजे मान्यता देणे, आणि भिवंडीत ते परवडणारे नाही. गावाचा इतिहास जाणणारा माणूस हा आक्षेप हसण्यावारी नेणार नाही. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी दंगल पेटली. १९८४ मध्ये पुन्हा रक्त सांडले. १९७० च्या दंगलीच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्या. मादन आयोगाने आधीच्या काही वर्षांत साचत गेलेल्या तणावाचाही तपशीलवार मागोवा घेतला. पण यातून निघणारा निष्कर्ष मला उलटा दिसतो. दुसऱ्याविषयी जे कळते ते फक्त त्याच्या विरोधकाकडून कळते, तेव्हाच समाज अफवेच्या हाती जातो. मागांच्या आणि गोदामांच्या या गावात मराठी, उर्दू, हिंदी आणि पद्मशाली विणकरांची तेलुगू एकमेकींच्या शेजारी बोलल्या जातात. २०१६ मध्ये इथे राष्ट्रीय पातळीचा उर्दू पुस्तक मेळाही भरला. एका लिपीतला वाचक दुसऱ्या लिपीतल्या शेजाऱ्याचे धर्मविचार बहुधा मोबाइलवर आलेल्या कात्रणातून जाणतो. ते कात्रण कुठून आले, कोणी कापले, मूळ भाषण किंवा लेख कुठे सापडेल, हे दाखवू शकणारा ग्रंथपाल तिथे अत्यावश्यक आहे. आणि ऑनलाइन माध्यमांची बांधणी कळल्याशिवाय त्याला ते दाखवता येणार नाही. मान्यतेचा मुद्दा पाटणच्या भांडाराने कधीच निकालात काढला आहे: जयराशीला जपल्याने कोणी जैन लोकायत झाला नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो. पूर्वपक्षाला युक्तिवाद लागतो. पडद्यावर वाहणाऱ्या मजकुराला तो असतोच कुठे? तिथे आवड विकली जाते, आणि कालचे आज उरत नाही. पहिला भाग मी अर्धाच मान्य करतो. ‘डेथ नोट’ या ॲनिमेमधला हुशार विद्यार्थी वहीत नावे लिहून गुन्हेगारांना मारू लागतो, तेव्हा न्यायाचा अधिकार कुणाला, हा प्रश्न कथेच्या रूपाने का होईना, मांडलेला असतोच. आपल्या पुराणांनीही नीतीचे वाद बहुतांशी कथेतूनच घातले. पण आवड विकण्याचा आक्षेप, पडद्यावर आपोआप पुढे येणाऱ्या शिफारशींच्या यादीविषयी, पूर्ण खरा आहे. जे आवडले त्याच जातीचे आणखी पुढे करणारी यादी म्हणजे पूर्वपक्षावाचूनचा सिद्धान्त. तिला उतारा म्हणून वेगळी यादी लिहायची, तर ग्रंथपालाच्या हातात आज ब्लॉगसारखे स्वस्त साधन आहे. जे उरत नाही त्याचे म्हणाल, तर ताडपत्रेही आपोआप उरली नाहीत. याहूने २००९ मध्ये जिओसिटीज बंद केले तेव्हा लक्षावधी लोकांची पाने धोक्यात आली, आणि जी वाचली ती कुणीतरी मुद्दाम उतरवून घेतली म्हणून. उतरवून घ्यायचे तर साधन हाताळता यावे लागते.

पैशांचा आणि जागेचा प्रश्न उरतो, आणि १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मिळणाऱ्या अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयात तो खोटा नाही. म्हणून जाणणे आणि विकत घेणे यांत फरक करायला हवा. सगळे विकत घेता येणार नाही, घेऊही नये. मुलांच्या वयाचा विचार करावा, चोरीच्या प्रती दारात उभ्या करू नयेत. निवड ग्रंथपालाला करावीच लागते. परंतु नाकारण्याचा अधिकार जाणण्यातून मिळतो. एखादी मालिका पाहून, तिचे म्हणणे तिच्या चाहत्याला पटेल अशा शब्दांत सांगून, मग ‘आपल्या वाचनालयात नको’ म्हणणारा ग्रंथपाल आपले काम चोख करतो. न पाहता ‘नको’ म्हणणारा ते टाळतो, आणि न पाहता ‘असू द्या’ म्हणणाराही तितकेच टाळतो. श्रद्धेलाही यात भिण्याचे कारण नाही. जी श्रद्धा प्रतिपक्ष कपाटात असल्यामुळे ढासळते, तिला कपाट रिकामे ठेवून वाचवता येत नाही. आणि जी टिकते, तिला आपण नेमके कशापुढे टिकलो हे कळण्यासाठी तरी तो प्रतिपक्ष लागतो.