पाहुण्या कडव्याचे मोल

कलाकृतीतील सहभाग विकत घेता येतो काय, हा प्रश्न साहित्यविचाराला अपरिचित नाही. रॅपसंगीताने मात्र तो रोख व्यवहाराच्या पातळीवर आणून ठेवला आहे. बीड, परळी वा अंबाजोगाईत राहून कोणत्याही संगीत कंपनीच्या आधाराविना गाणे काढणारा तरुण प्रस्थापित रॅपरला मानधन देऊन एक कडवे घेतो आणि त्याचे नाव आपल्या नावाशेजारी मांडतो. हा खर्च फळतो काय?

हिशेबापुरते पाहिले तर मानधन आधी आणि निश्चित असते. उत्पन्न मागाहून, अनिश्चितपणे, थेंबाथेंबाने येते. शिवाय मानधन दिले म्हणजे सारे हक्क मिळाले, असेही नाही. प्रताधिकार कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीनुसार रचनेच्या वापरापोटीच्या स्वामित्वधनातील वाटा शब्दकाराला वारस वा प्रताधिकार संस्था यांखेरीज इतरांना देऊन टाकता येत नाही.

ऊसतोड कामगारांच्या या जिल्ह्याला आगाऊ रकमेचा अर्थ सांगावा लागत नाही. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेणारे जोडपे त्या रकमेने बांधले जाते. पाहुण्या कडव्यात हे नाते उलटते: रक्कम घेणारा मोकळा राहतो, देणारा अडकतो. दोन्हींतील यातना अर्थातच समान नव्हेत. पण पैशाने कोण बांधला जातो हे पैशापेक्षा प्रतिष्ठा ठरवते, एवढे यातून स्पष्ट होते.

म्हणून मोबदलाच भ्रष्ट मानावा काय? तसे म्हणणे अन्यायाचे ठरेल. हलगी-सनईवाल्यांची कला गावगाड्याने पिढ्यान्‌पिढ्या बलुत्यावर वापरून घेतली. कलेने निरपेक्ष असावे हा आग्रह बहुधा पोट भरलेल्यांचाच असतो. दाम मागणे हा कलावंताचा हक्कच आहे.

तेव्हा कसोटी दामाची नसून प्रतिसादाची असली पाहिजे. कलगी-तुऱ्याच्या परंपरेत सवालाला जबाब मिळाल्यावाचून रंग भरत नाही. प्रतिपक्षाला समोरच्याचे शब्द ऐकावेच लागतात. होनाजीचे कवन आणि बाळाचा गळा यांतून ‘होनाजी-बाळा’ हे जोडनाव सिद्ध झाले, ते सहवासातून. २०१५ मध्ये ‘मेरे गली में’ या गाण्यात डिव्हाइन आणि नेझी हे मुंबईचे दोन रॅपर एकत्र आले, तेव्हा दोघांचीही वाटचाल नुकती सुरू झाली होती. एकाने दुसऱ्याच्या कीर्तीची सावली घेतली, असे तेथे म्हणता येत नाही.

जे कडवे उचलून दुसऱ्या कोणत्याही गाण्यात तसेच बसवता येते, त्यात केवळ नाव विकत घेतलेले असते. त्या नावासाठी आलेला श्रोता नावाबरोबरच निघून जाण्याचा संभव मोठा. याउलट यजमानाचा अनुभव ऐकून, प्रसंगी त्याला आव्हान देऊन लिहिलेले कडवे यजमानाच्या शब्दांनाही धार आणते. अशा कडव्याचे दाम उत्पन्नातून वसूल झाले नाही, तरी गाणे वाढलेले असते. स्वतंत्र कलावंताने मानधनाचा आकडा विचारण्यापूर्वी एवढेच विचारावे: पाहुणा आपले गाणे ऐकणार आहे काय?