वाळीत टाकलेलं घर

बांद्यात तेरेखोल नदीकाठी वाढले. कुणाला वाळीत टाकलंय, हे आजी कुजबुजत सांगायची. त्या घरी चतुर्थीची आरती, भजन होत नसे. मयताला खांदा द्यायलाही कुणी जात नसे. मला हेच सर्वांत भयंकर वाटतं. आणि सगळं देवाच्या नावाने! आळंदीत ज्ञानेश्वर-मुक्ताईलाही संन्याशाची पोरं म्हणून हेच भोगावं लागलं, असं परंपरा सांगते. देव सर्वांभूती असेल, तर त्याच्या गाऱ्हाण्यातून माणूस वगळायचा अधिकार गावाला कुणी दिला? माझ्या मते कुणीच नाही. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१७ पासून लागू आहे; शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तुमच्या वाडीत असं घर असेल, तर यंदा चतुर्थीला तिथे आरतीला जा.