मार्सियानोच्या शून्याचे काय करायचे?

व्यावसायिक कारकिर्दीत एकदाही न हरता निवृत्त झालेला आणि पुन्हा रिंगमध्ये न परतलेला हेवीवेट जगज्जेता म्हणून आजही एकच नाव घेतले जाते: रॉकी मार्सियानो. ४९ लढती, ४९ विजय, त्यांतले ४३ नॉकआउटने. एप्रिल १९५६ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्याने हातमोजे उतरवले. तेव्हापासून त्याच्या थोरवीचा वाद सुरू आहे आणि तो बहुतेक वेळा त्या शून्यापाशीच अडकून पडतो. चाहते म्हणतात, हरलाच नाही, मग त्याच्या वर कोण? टीकाकार म्हणतात, हरवणारे कोणी समोर आलेच नाही. दोघांचीही नजर पराभवांच्या रकान्यावर खिळलेली आहे. माझ्या मते मार्सियानोला कमी लेखायला आणि डोक्यावर घ्यायला हे शून्यच सारखे जबाबदार आहे.

आधी टीकाकारांचे ऐकू, कारण त्यांच्या हाती बरेच काही आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉक्टन गावच्या या, बुटांच्या कारखान्यात काम करणाऱ्या इटालियन कामगाराच्या मुलाची पहिली मोठी शिकार म्हणजे जो लुई. ऑक्टोबर १९५१, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, आठवी फेरी. लुई दोरांमधून बाहेर कोसळला आणि पंचांनी लढत थांबवली. पण तो लुई ३७ वर्षांचा होता, डोक्यावरून केस विरळ झालेला, सरकारी कराच्या थकबाकीपायी निवृत्ती मोडून परतलेला. १९३७ ते १९४९ विजेतेपद राखून २५ वेळा ते वाचवणारा लुई हा नव्हेच. त्या रात्री मार्सियानो स्वतः लुईच्या खोलीत जाऊन रडला असे सांगतात. ज्याला आयुष्यभर दैवत मानले त्याला आपणच संपवले, हे त्यालाही कळत होते.

पुढच्या वर्षी ज्याच्याकडून विजेतेपद हिसकावले तो जर्सी जो वॉलकॉट ३८ वर्षांचा होता. एझर्ड चार्ल्स ३३ चा असला तरी त्याचे उमेदीचे दिवस लाइट हेवीवेट गटात आणि लुई-वॉलकॉटशी झुंजण्यात खर्ची पडले होते. शेवटचा प्रतिस्पर्धी आर्ची मूर. त्याचे वय ३८ की ४१, हे त्याच्या घरातच ठरत नव्हते. तो स्वतः जन्मसाल १९१६ सांगे, आई १९१३ म्हणे. (मला आईचे म्हणणे जास्त पटते.) शिवाय क्यूबाचा निनो वाल्डेस काही काळ आव्हानवीरांच्या यादीत अगदी वर होता, त्याने १९५३ मध्ये चार्ल्सला हरवले होते, त्याला विजेतेपदाची संधी मिळाली नाही. मे १९५५ मध्ये ती मिळाली इंग्लंडच्या डॉन कॉकेलला. सॅन फ्रान्सिस्कोतल्या त्या लढतीत मार्सियानोने डोके आपटले, खाली पडलेल्यालाही ठोसा मारला, आणि पंच बघत राहिले. ब्रिटिश वृत्तपत्रे संतापली, ते वावगे नव्हते.

कोणाशी लढायचे हे त्या काळात बॉक्सर ठरवत नसे. मार्सियानोचा व्यवस्थापक अल वाइल लढती ठरवणाऱ्या इंटरनॅशनल बॉक्सिंग क्लबच्या नोकरीत होता. कागदोपत्री व्यवस्थापक म्हणून त्याचा सावत्र मुलगा उभा केला होता. त्या क्लबची मक्तेदारी पुढे अमेरिकन न्यायालयांनी मोडून काढली. तेव्हा ‘समोर जो आला त्याला पाडले’ या वाक्यातला ‘समोर जो आला’ कुठून आला, हा प्रश्न विचारायलाच हवा.

आणि त्या शून्याची दुसरी बाजू. मार्च १९५० मध्ये मार्सियानोची गाठ रोलंड लास्टार्झाशी पडली, तोही तोपर्यंत अपराजित. दहा फेऱ्या झाल्या. एका परीक्षकाने मार्सियानोला पसंती दिली, दुसऱ्याने लास्टार्झाला. पंचांच्या कागदावर फेऱ्या पाच-पाच अशा सारख्या होत्या. निकाल लागला तो पूरक गुणांवर, नऊ विरुद्ध सहा. म्हणजे सात दशके मिरवले गेलेले हे शून्य एका माणसाच्या पेन्सिलीवर टिकले. १९५३ मध्ये लास्टार्झाला त्याने अकराव्या फेरीत गारद केले हे खरे, पण १९५० च्या त्या रात्री निकाल उलटा लागला असता तर? ४८ विजय आणि १ पराभव. बॉक्सर तोच, ठोसा तोच. तरीही आज त्याचे नाव निम्म्या वेळा तरी कमी निघाले असते, याची मला खात्री आहे.

शून्याचा हा मोह पुढच्यांनाही जडला. लॅरी होम्स ४८ विजयांवर अपराजित होता. २१ सप्टेंबर १९८५ रोजी, म्हणजे मार्सियानोच्या शेवटच्या लढतीला बरोबर तीस वर्षे होत असताना, तो मायकेल स्पिंक्सकडून हरला आणि रागाच्या भरात मार्सियानोबद्दल नको ते बोलून बसला. होम्स हा श्रेष्ठ बॉक्सर. पण त्या एका वाक्याने त्याचे बरेच नुकसान केले. फ्लॉइड मेवेदरने २०१७ मध्ये पन्नासावा विजय मिळवला तो व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये पहिल्यांदाच उतरलेल्या कॉनर मॅग्रेगरवर. रकाना कोरा राहिला, एवढेच.

मग मार्सियानोजवळ उरते काय? माझे म्हणणे असे की खरा मार्सियानो सापडतो तो हरत असलेल्या रात्री, आणि अशा रात्री त्याच्या वाट्याला पुष्कळ आल्या.

२३ सप्टेंबर १९५२, फिलाडेल्फिया. (हे साल आपण खाशाबा जाधवांच्या हेलसिंकीतल्या ब्राँझपदकामुळे लक्षात ठेवतो. त्याच ऑलिंपिकमध्ये मिडलवेट सुवर्णपदक जिंकलेला फ्लॉइड पॅटरसन पुढे मार्सियानोने सोडलेल्या गादीवर बसला.) पहिल्याच फेरीत वॉलकॉटच्या डाव्या हुकने मार्सियानो खाली गेला, कारकिर्दीत पहिल्यांदाच. मधल्या फेऱ्यांत त्याच्या डोळ्यांत काहीतरी गेले आणि तो जवळजवळ आंधळ्यासारखा लढला. डोक्याला खोक पडली. बाराव्या फेरीअखेर तिन्ही कागदांवर तो मागे होता: सात-चार, सात-पाच, आठ-चार. गुणांवर ही लढत हातची गेली होती आणि वॉलकॉटला ते माहीत होते. तेराव्या फेरीला पाऊण मिनिटही झाले नव्हते. वॉलकॉट मागे सरत दोरांपाशी आला आणि दोघांनीही एकाच क्षणी उजवा हात सोडला. मार्सियानोचा ठोसा जेमतेम हातभर अंतर कापून आला असेल. खांदा मागे नेऊन मारलेला तो फटका नव्हता, नुसता कमरेतून वळून दिलेला होता. पण तो आधी पोचला. वॉलकॉटचा चेहरा एका बाजूला वळला, शरीर खाली घसरले आणि डावा हात मधल्या दोरात अडकून राहिला. मग गुडघे, मग कपाळ जमिनीला. मार्सियानोने पाठोपाठ डावा हातही फिरवला होता, पण त्याची गरजच नव्हती.

त्या ठोशामागे चार्ली गोल्डमन या बुटक्या प्रशिक्षकाची अनेक वर्षांची मेहनत होती. मार्सियानोची उंची पाच फूट दहा इंच, वजन ८५ किलोच्या आसपास, आणि हातांचा पल्ला ६८ इंचांच्या घरात. सनी लिस्टनचा ८४ होता. इतक्या आखूड हातांचा माणूस ताठ उभा राहून लांबून लढला तर मार खाण्यापलीकडे काही करू शकत नाही. गोल्डमनने त्याला वाकायला लावले, इतके की समोरच्याचा सरळ ठोसा डोक्यावरून जावा आणि याचा हात त्याच्या बरगडीखालून वर यावा. लास्टार्झाच्या दुसऱ्या लढतीत तर तो दंडांवरच मारत राहिला, जोवर लास्टार्झाला हात वर धरवेनात. याला कोणी कसब म्हणत नाही, कारण ते दिसायला कुरूप आहे. मी म्हणतो. पुढच्या वर्षी, सप्टेंबर १९५४ मध्ये, चार्ल्सने त्याची नाकपुडी चिरली. रक्त थांबेना, डॉक्टर लढत थांबवणार हे उघड होते. त्या घाईत आठव्या फेरीत त्याने चार्ल्सला नॉकआउट केले. मूरने त्याला दुसऱ्या फेरीत पाडले. नवव्यात मूर उठला नाही. वॉलकॉट, चार्ल्स, मूर: तिघेही थकलेले असतील, पण तिघांनीही आपापल्या रात्री त्याला हरण्याच्या बेतात आणले होते.

मोठ्या चणीच्या आजच्या हेवीवेटपुढे त्याचे काय झाले असते, हा प्रश्न मला फारसा रुचत नाही. आजच्या नियमांत तो २०० पौंडांखालच्या क्रूझरवेट गटात बसतो आणि तिथे तो कोणाचीही झोप उडवेल. १९६० च्या दशकात मरे वोरोनर नावाच्या निर्मात्याने संगणकाला असे प्रश्न विचारले होते. रेडिओवरच्या काल्पनिक स्पर्धेत मुहम्मद अली जिम जेफ्रीजकडून हरला, तर अलीने दहा लाख डॉलरचा दावाच लावला. मग १९६९ मध्ये बंदीत अडकलेला अली आणि टोप घातलेला, वजन उतरवलेला मार्सियानो मायामीत कॅमेऱ्यासमोर खोटे-खोटे लढले. ३१ ऑगस्टला विमान अपघातात मार्सियानो गेला. जानेवारी १९७० मध्ये चित्रपट दाखवला गेला, त्यात तो तेराव्या फेरीत जिंकतो; युरोपात दाखवलेल्या आवृत्तीत अली जिंकतो. प्रेक्षकाप्रमाणे निकाल बदलणारे यंत्र मार्सियानोबद्दल काय सांगणार?

त्या निकालामागे आणखी एक गोष्ट होती आणि ती झाकण्यात अर्थ नाही. गोऱ्या अमेरिकेला गोरा विजेता हवा होता आणि मार्सियानोच्या कीर्तीत त्या इच्छेचा वाटा आहे. पण जॅक डेम्प्सीने हॅरी विल्स या कृष्णवर्णीय आव्हानवीराशी लढणे शेवटपर्यंत टाळले, तसे याने केले नाही. त्याच्या विजेतेपदाच्या सात लढतींपैकी पाच कृष्णवर्णीय बॉक्सरांशी झाल्या आणि ते त्या काळचे सर्वांत चांगले होते.

तर माझा हिशेब असा. लुई आणि अली यांच्या पंक्तीला तो बसत नाही. लुई १९३६ मध्ये मॅक्स श्मेलिंगकडून हरला आणि दोन वर्षांनी पहिल्याच फेरीत त्याला उद्ध्वस्त केले. अली जो फ्रेझरकडून हरला, केन नॉर्टनकडून जबडा मोडून घेतला, आणि तरी परत आला. पराभवानंतर माणूस काय करतो, हा पेपर मार्सियानोने दिलाच नाही. बत्तिसाव्या वर्षी थांबून त्याने पॅटरसन आणि लिस्टनचा काळही टाळला. विजेतेपद त्याने फक्त सहा वेळा राखले. म्हणून पहिल्या पाचांत मी त्याला घेत नाही. पहिल्या दहांतून मात्र त्याला कोणी काढले तर त्याने वॉलकॉटची ती लढत तेराव्या फेरीपासून न बघता पहिल्या फेरीपासून बघावी. चित्रफीत सहज मिळते.