गाण्याचे ऋण

इंडी संगीत म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या हुकमाबाहेर, स्वतःच्या बळावर उभे राहिलेले संगीत. त्याची सारी प्रतिष्ठा 'स्वतःचे' या शब्दावर आहे. तरीही या परंपरेतले संगीतकार आपल्याला घडवणारी दुसऱ्यांची गाणी आवर्जून सांगतात आणि मंचावर गातातही. जे दुसऱ्याकडून आले ते स्वतःचे कसे, हा त्यातून निघणारा प्रश्न सौंदर्यशास्त्राचा आहे, तसाच नीतीचाही.

'निर्वाणा' या अमेरिकी बँडचे उदाहरण इथे ठळक आहे. त्यांचा पहिला अल्बम १९८९ मध्ये सिएटलच्या 'सब पॉप' या छोट्या कंपनीने काढला. पुढे बँड मोठ्या कंपनीकडे गेला आणि जगभर गाजला. १८ नोव्हेंबर १९९३ रोजी न्यू यॉर्कमध्ये 'एमटीव्ही अनप्लग्ड' या दूरचित्रवाणी कार्यक्रमासाठी त्यांनी १४ गाणी सादर केली. त्यांतली ६ दुसऱ्यांची होती आणि ज्या गाण्याने बँड घराघरांत पोचला होता, तेच वगळले होते. सहांपैकी तीन गाणी ॲरिझोनाच्या 'मीट पपेट्स' या बँडच्या १९८४ च्या अल्बममधली. त्यांसाठी गायक कर्ट कोबेनने त्या बँडच्या कर्ट व क्रिस कर्कवुड या भावांनाच मंचावर बोलावले. वाद्ये त्यांच्या हाती, आवाज कोबेनचा. डेव्हिड बोवीचे गाणे संपताच कोबेनने बोवीचे नाव घेतले.

अशा ऋणाकडे संशयाने पाहणारी एक विचारधारा युरोपात रुजली. इंग्रज कवी एडवर्ड यंग याने १७५९ मध्ये मांडले की अस्सल कृती रोपासारखी प्रतिभेच्या मुळातून उगवते, तर अनुकरण हे कारागिरीने घडवलेले असते. या दृष्टीने प्रेरणास्थान सांगणे म्हणजे उणेपणाची कबुलीच. इमॅन्युएल कांटने १७९० मध्ये यात महत्त्वाचा भेद केला. प्रतिभावंताची कृती नक्कल करण्यासाठी नसते. ती दुसऱ्या प्रतिभावंताला त्याच्या स्वतःच्या स्वतंत्रतेची जाणीव करून देते. कांटच्या लेखी मागून जाणे आणि नक्कल करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हा भेद काश्मीरच्या आनंदवर्धनाने नवव्या शतकात 'ध्वन्यालोका'त अधिक बारकाईने केला होता. दोन काव्यांतले साम्य तीन प्रकारचे असते: आरशातल्या प्रतिबिंबासारखे, चित्रासारखे आणि दोन सारख्या दिसणाऱ्या माणसांसारखे. पहिली दोन त्याज्य, कारण त्यांत स्वतःचा प्राण नाही किंवा नसल्यात जमा आहे. तिसरे ग्राह्य, कारण चेहरा मिळताजुळता असला तरी प्राण वेगळा. निर्वाणाच्या त्या कार्यक्रमातले शेवटचे गाणे या तिसऱ्या प्रकारात बसते. लेड बेली या कृष्णवर्णीय गायकाने १९४० च्या दशकात ते ध्वनिमुद्रित केले होते. कोबेन शेवटच्या कडव्यात वरच्या सप्तकात जातो, आवाज फाटतो आणि अखेरच्या शब्दांआधी तो क्षणभर थांबून श्वास घेतो. शब्द आणि चाल वारशाने आलेली. तो श्वास त्याचा.

उरतो नीतीचा प्रश्न. मराठीत कर्ज फेडतात आणि ऋण मानतात. गाण्याच्या हक्काचे पैसे चुकते झाले की कायद्याच्या लेखी कर्ज फिटते. ऋणाची रीत निराळी आहे. ब्राह्मण तीन ऋणे घेऊन जन्मतो, असे तैत्तिरीय संहिता सांगते. त्यांतले ऋषींचे ऋण ब्रह्मचर्याने, म्हणजे गुरूकडे राहून केलेल्या अध्ययनाने फिटते. ज्ञान ऋषींना परत द्यायचे नसते, ते पुढे जिवंत ठेवायचे असते. कर्कवुड बंधूंना मंचावर जागा देणे आणि त्यांची गाणी नव्या श्रोत्यांपर्यंत नेणे ही फेड याच जातीची.

लेड बेलीचे म्हणून सांगितलेले ते गाणेही मुळात त्याचे नव्हतेच. ते अमेरिकेच्या ॲपलाचिया डोंगराळ प्रदेशातले लोकगीत असून त्याचा कर्ता अज्ञात आहे. मूळ धनकोच ठाऊक नसेल तिथे परतफेड कुणाला करणार? अशा वेळी गाणाऱ्याला दोनच गोष्टी करता येतात: ज्याच्याकडून गाणे मिळाले त्याचे नाव घेणे आणि आपला प्राण घालून ते पुढे गाणे. पहिलीने प्रामाणिकपणा राखला जातो, दुसरीने स्वतंत्रता.