पंधरा कप आणि एक कप

मार्कच्या बाराव्या अध्यायातील दरिद्री विधवेची गोष्ट आपण शब्बाथ शाळेत पुष्कळदा सांगतो. श्रीमंतांनी भांडारात पुष्कळ टाकले, तिने दोन टोल्या टाकल्या. आणि प्रभूने तिचेच दान अधिक ठरविले. आता पाच वर्षांच्या मुलाला विचारा, जास्त कोणी दिले? ते बहुधा श्रीमंतांचे नाव घेईल. शिक्षकांना वाटते, याचे लक्ष नव्हते.

लक्ष असते. या वयात डोळ्यांना अधिक दिसते तेच अधिक. येथे बुऱ्हाणपुरात मावा जिलेबीवरून भावंडांत तंटा झाला, तर आई धाकट्याच्या वाट्याचे दोन तुकडे करते आणि तो खूश होतो. एकाचे दोन झाले ना! आठ-नऊ वर्षांच्या मुलापुढे ही युक्ती चालत नाही.

जिनिव्हाचे ज्याँ पियाजे यांनी मुलांच्या नीतिविचारावर 1932 साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात ते मुलांना दोन गोष्टी सांगतात. एक मुलगा जेवायला बोलावले म्हणून दार ढकलतो. मागे ठेवलेले पंधरा कप फुटतात. दुसरा, आई घरी नसताना, चोरून मुरंबा काढायला चढतो. एक कप फुटतो. अधिक अपराधी कोण? पुष्कळ लहान मुलांनी पहिल्याकडे बोट दाखविले. मोठ्यांनी हेतू पाहिला. पुढील संशोधकांना मात्र असे आढळले की, हेतू स्पष्ट दाखविला तर तीन-चार वर्षांची मुलेही तो ध्यानात घेतात. तेव्हा नुसती वयाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही.

मला पियाजे यांचे दुसरे म्हणणे अधिक बोचते. नुकसानीवरून दोष मोजण्याची ही रीत मोठी माणसेच मुलाच्या मनात पक्की करतात. स्टीलचा पेला पडला तर "सांभाळून रे" आणि पाहुण्यांसाठी ठेवलेली काचेची बशी फुटली तर चापट! हात तोच, निसटणेही तेच. हा न्याय आहे काय? सांडलेले पाणी मुलाने पुसावे, यात गैर नाही, पण त्याला वाईट ठरविण्यापूर्वी "काय करत होतास?" एवढे तरी विचारावे. रविवारी त्याच मुलाकडून आपल्याला दोन टोल्यांचे मोल हवे असते.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला, पुढे कोसबाडला, शंख-शिंपले आणि बिया हाती देऊन मुलांना शिकविले. शिक्षकांनीही पुढच्या खेपेस चिंचोके घ्यावेत. दोन थैल्या कराव्यात. श्रीमंताच्या थैलीतून दहा काढावेत, विधवेच्या थैलीतून दोन. मग मुलांना दोन्ही थैल्यांत हात घालू द्यावा आणि काय उरले ते त्यांनाच सांगू द्यावे.