शेवटच्या पंगतीचा मधुमेह

घरात कुणाला 'शुगर निघाली' की दोन दिवसांत खटला चालून निकालही लागतो. लग्नकार्यात जिलबीवर ताव मारायचा, चहा गोडमिट्ट लागायचा, सकाळी फिरायला जायचं म्हणून घेतलेले बूट खोक्यातून बाहेरच आले नाहीत. साक्षीदार घरचेच आणि आरोपी मुकाट. डॉक्टरांकडे तोच निकाल छापील कागदावर मिळतो: वजन उतरवा, चाला, गोड बंद. सल्ला चुकीचा नाही. पण आपल्याकडच्या मधुमेहाची सगळी गोष्ट तेवढीच असती, तर ज्यांच्या अंगावर मूठभर मांस नाही अशा माणसांच्या रक्तात साखर सापडायला नको होती. ती सापडते. युरोपियनांच्या मानाने आपल्याला मधुमेह दहाएक वर्षं आधी गाठतो, आणि तोही कमी वजनावर.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. देशात १० कोटी १० लाख मधुमेही, आणि आणखी १३ कोटी ६० लाख उंबरठ्यावर. राज्यांच्या यादीत गोवा पहिला, २६.४ टक्के, म्हणजे प्रौढांमध्ये चारात एक. यावर गोवेकरांच्या सुशेगादपणाचे विनोद लगेच सुचतात. पण गोव्याचं एक वेळ समजू शकतं. तिथे सुबत्ता आहे, वजनंही आहेत. कोड्यात टाकतात ते सडपातळ लोक.

या कोड्याचं एक चित्र वैद्यकात प्रसिद्ध आहे. २००४ मध्ये 'लॅन्सेट'ने पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो छापला. उंचीच्या हिशेबात वजन मोजणारा बीएमआय दोघांचा हुबेहूब एक, २२.३. तक्त्यानुसार दोघेही ठणठणीत. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना एकाच मापाने मोजत होता, आतला माल वेगळा होता.

हा फरक कुठून येतो? मोठेपणी खाल्लेल्या बटाटेवड्यांतून, असं उत्तर सहज देता आलं असतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या याज्ञिकांच्या चमूने ते शोधायला सुरुवात केली थेट बाळंतिणीच्या खाटेपासून. त्याच्याही आधी, खरं तर. १९९३ मध्ये पुण्यापासून पन्नासेक किलोमीटरवरच्या सहा गावांत एक अभ्यास उभा राहिला. अडीच हजारांच्या आसपास विवाहित बायकांकडे कार्यकर्त्या दर महिन्याला जात आणि पाळीची तारीख लिहून घेत. पाळी चुकली की गर्भारपणाची नोंद पहिल्या आठवड्यांपासून सुरू. मग बाईने काय खाल्लं, किती पाणी वाहिलं, शेतात किती वेळ वाकली, याचे हिशेब. या बायकांचं गर्भारपणाआधीचं सरासरी वजन होतं बेचाळीस किलोच्या घरात.

बाळं जन्मली ती सरासरी २.७ किलोची. इंग्लंडच्या साउथॅम्प्टनमधली बाळं, ज्यांच्याशी तुलना केली ती, साडेतीन किलोची. आपली बाळं लहान असतात हे नवं नव्हतं. नवं होतं ते मोजपट्टी आणि चिमटा घेऊन बसल्यावर दिसलं. पोटाचा घेर कमी, म्हणजे यकृतासारखे आतले अवयव लहान. दंडाचा स्नायू बारीक. पण पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली, कातडीची घडी कॅलिपरच्या चिमटीत धरली की ती जवळजवळ साहेबाच्या बाळाइतकीच जाड भरायची. अवयवांवर आणि मांसावर काटकसर झाली होती, चरबीवर नाही. नाळेतल्या रक्तातही पुरावा मिळाला: पुण्याच्या आणि लंडनच्या बाळांची तुलना केली तेव्हा आपल्या लहानग्या बाळांत इन्सुलिन आणि चरबीशी निगडित लेप्टिन यांची पातळी वजनाच्या मानाने चढी निघाली. बटाटेवडा तर सोडाच, या जिवांनी अजून आईचं दूधही चाखलेलं नव्हतं.

आता गंमत पुढे आहे. बाळाचं वजन आईने किती उष्मांक आणि किती प्रथिनं खाल्ली याच्याशी फारसं जुळेना. जुळलं ते हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध यांच्याशी. ज्या बायकांच्या खाण्यात हे वारंवार होतं त्यांची बाळं अंगाने भरलेली. पोट भरणं आणि पोषण होणं यांतला हा फरक आपल्या रेशनच्या राजकारणाला अजून पचलेला नाही. आपण पोती मोजतो. पुढे रक्ततपासण्यांत दिसलं की सुमारे दोन तृतीयांश बायकांत बी-१२ जीवनसत्त्व कमी आहे. फोलेटची मात्र टंचाई जवळपास नव्हती. ज्या आयांत फोलेट जास्त आणि बी-१२ कमी, त्यांच्या मुलांचं शरीर सहाव्या वर्षी इन्सुलिनला सगळ्यांत कमी दाद देत होतं. (म्हणून कुणी दवाखान्यातल्या फोलिक ॲसिडच्या गोळ्या बंद करू नयेत, बाळाच्या मज्जारज्जूतलं व्यंग त्या टाळतात. मुद्दा जोडीला बी-१२ असण्याचा आहे.) बी-१२ मिळतं ते मांस, मासे, अंडी आणि दुधातून. मांसमच्छी घरात शिजलीच तर वारांतून आणि उपासांतून वाट काढत शिजते, आणि गोठ्यातलं दूध पहाटे डेअरीच्या कॅनमध्ये जातं. सुनेच्या पेल्यापर्यंत पोचतं ते चहात पडून.

गर्भातलं कुपोषण आणि म्हातारपणचे आजार यांचं नातं जोडणारी कल्पना पुण्याची नव्हे, ती डेव्हिड बार्कर या इंग्लिश डॉक्टरची. हर्टफर्डशायर परगण्यात एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या एका खमक्या अधिकारी बाईने १९११ पासून सुईणींकडून प्रत्येक बाळाचं जन्मवजन आणि वर्षाचं झाल्यावरचं वजन वहीत लिहून घेतलं होतं. पाऊणशे वर्षांनी त्या वह्या बार्करच्या हाती लागल्या. लहान जन्मलेल्या बाळांना मोठेपणी हृदयविकार आणि मधुमेह जास्त, असं त्यातून निघालं. हॉलंडमध्ये १९४४-४५च्या हिवाळ्यात नाझींनी रसद तोडली, तेव्हा पोटात असलेल्या मुलांची साखरही पन्नाशीत बिघडलेली आढळली. आपल्याकडे १९७२च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या, सुकडी खाऊन दिवस काढणाऱ्या बायकांच्या पोटी जन्मलेली माणसं आज पन्नाशी ओलांडून, मधुमेह सापडायच्या नेमक्या वयात आली आहेत. त्यांना डॉक्टर विचारतात, गोड किती खाता?

याच धाग्यातलं अलीकडचं काम म्हणजे २०२४ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेला ब्रिटनमधला अभ्यास. महायुद्धानंतरही तिथे साखर रेशनवर होती. सप्टेंबर १९५३ मध्ये बंधन उठलं आणि खप थोड्याच काळात जवळपास दुप्पट झाला. बंधन उठण्याच्या अलीकडे आणि पलीकडे जन्मलेल्यांची तुलना केली. गर्भात आणि पहिल्या दोन वर्षांत ज्यांच्या वाट्याला कमी साखर आली, त्यांच्यात पुढे मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी. हा उपासमारीचा नव्हे, उलट साखरेच्या सुकाळाचा परिणाम आहे हे ध्यानात घ्यायला हवं. दोन्ही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवतात: गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे ते हजार दिवस.

या मांडणीवर सगळ्यांत तगडा आक्षेप १९९९ मध्ये अँड्र्यू हॅटर्सली आणि जॉन टूक यांनी घेतला. इन्सुलिन हे गर्भातलं वाढीचं संप्रेरक. एखाद्या गर्भात ते जनुकांमुळेच कमी असेल किंवा शरीर त्याला दाद देत नसेल, तर बाळ लहान जन्मेल आणि पुढे त्यालाच मधुमेह होईल. मग आईच्या ताटाचा संबंध काय? काही दुर्मीळ जनुकांबाबत हे खरं ठरलं आहे. याचा निवाडा निरीक्षणांनी होत नाही, प्रयोगाने होतो. म्हणून मला मुंबईच्या झोपडपट्ट्यांत झालेला प्रयोग पुण्याच्या अभ्यासाइतकाच मोलाचा वाटतो, जरी त्याच्या निकालाला डंका पिटण्यासारखं काही नव्हतं.

२००६ मध्ये सुरू झालेल्या या प्रयोगात साडेसहा हजार बायकांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं. एका गटाला रोज पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ, समोशासारखा नाहीतर कटलेटसारखा. दुसऱ्या गटाला तसाच दिसणारा, पण बटाटा-कांद्यासारख्या कमी पोषणाच्या भाज्यांचा. खाऊ गर्भधारणेच्या आधीपासून, आणि तो केंद्रावर येऊन सगळ्यांसमोर खायचा. घरी नेला तर तो कुणाच्या पोटात जाईल हे संशोधकांना ठाऊक होतं. एकूण हिशेबात जन्मवजनात लक्षणीय फरक पडला नाही. गर्भधारणेआधी किमान तीन महिने खाऊ खाल्लेल्या बायकांची बाळं मात्र सरासरी ४८ ग्रॅमने जड भरली. अठ्ठेचाळीस ग्रॅम म्हणजे काय मोठं, असं म्हणता येईल. पण गरोदरपणातला मधुमेह? तो साध्या गटात १२.४ टक्के आणि पालेभाजीच्या गटात ७.३ टक्के. ज्या बाईला पोटुशी असताना साखर होते तिच्या बाळाला पुढे मधुमेहाचा धोका वाढतो, हे लक्षात घेतलं तर हा आकडा ग्रॅमांपेक्षा बोलका आहे.

जीवनशैलीचं महत्त्व याने पुसलं जात नाही. पण तिच्या मर्यादाही मोजलेल्या आहेत. उंबरठ्यावरच्या लोकांचं खाणं-चालणं सुधारल्यावर अमेरिकेतल्या मोठ्या प्रयोगात मधुमेहाचा धोका ५८ टक्क्यांनी घटला. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या प्रयोगात तो २८.५ टक्क्यांनी घटला. दोन्ही ठिकाणचे लोक आणि पद्धती वेगळ्या, तुलना काटेकोर नव्हे. तरीही जो मुळात जाडच नाही त्याला 'वजन उतरवा' सांगून किती उतरणार?

पुण्याजवळच्या त्या गावांतली बाळं अठरा वर्षांची झाली तेव्हा तपासली. अंगाने शेलाटीच. मुलग्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक जणांची साखर तेव्हाच मर्यादेबाहेर, बहुतेकांची उंबरठ्यावर; मुलींत हे प्रमाण साधारण निम्मं. ज्यांची बिघडली त्यांची उपाशीपोटीची साखर सहाव्या वर्षीसुद्धा इतरांपेक्षा किंचित वर होती. २०२५ मध्ये बँकॉकच्या अधिवेशनात आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने कुपोषणाशी निगडित मधुमेहाला 'टाइप ५' म्हणून मान्यता दिली. हे रुग्ण तरुण, गरीब, हडकुळे. त्यांच्यात इन्सुलिन तुटपुंजं, पण बाहेरून थोडं जास्त दिलं तर साखर धोकादायक खाली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये असा प्रकार यादीत घेतला होता आणि १९९९ मध्ये काढून टाकला. पाव शतक हे रुग्ण कुठल्या खणात ठेवायचे तेच ठरलेलं नव्हतं.

इथे एक धोका आहे आणि तो मला अस्वस्थ करतो. रुग्णाच्या डोक्यावरचं खापर उचलून ते आईच्या डोक्यावर फोडायला आपल्याला एक क्षण लागणार नाही. आधीच 'बाळ फार वाढलं तर बाळंतपण अडेल' म्हणून तिला हात आखडून वाढायचं, आणि वर पन्नास वर्षांनी 'आईने नीट खाल्लं नाही' म्हणायचं. ती शेवटच्या पंगतीला बसते हा तिचा निर्णय नसतो. लग्नाचं वय तिच्या हातात नसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी सुमारे २२ टक्के अठराच्या आत लग्न झालेल्या होत्या. स्वतःची हाडं वाढायची असताना पोटात दुसरं माणूस वाढवायचं.

आणि सरकारी उपाय येतात ते उशिरा. आदिवासी भागातल्या अमृत आहार योजनेत अंगणवाडीत चौरस गरम जेवण मिळतं, ही फार चांगली गोष्ट. पण योजना आखली गेली ती गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीपासून. तोवर स्वादुपिंड, मूत्रपिंड, वार, सगळ्यांची मांडामांड झालेली असते. मुंबईच्या खाऊचा गुण आला तो गर्भधारणेआधी सुरू केल्यावर. तेव्हा पैसा खर्चायचा तो पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या ताटावर, आणि ती पुढे आई होणार म्हणून नव्हे तर ती भुकेली आहे म्हणून. मी इतकं म्हणेन, आणि हे मत आहे, संशोधनाचा निष्कर्ष नाही.

उलट टोकाची घाईही नको. दिल्लीच्या एका जुन्या जन्मगटाचा अभ्यास २००४ मध्ये आला. तिशीच्या आसपास ज्यांची साखर बिघडली ते दोन वर्षांचे असताना बारीक होते आणि नंतर, शाळकरी वयात, झपाट्याने अंग धरत गेले होते. हडकुळ्या नातवाला बिस्किटं आणि तूपसाखर चारून बाळसं आणणाऱ्या आजीला हे कसं सांगायचं, हा प्रश्न कुठल्याच नियतकालिकात सोडवलेला नाही.

पुण्याच्या गावांतल्या त्याच मुलामुलींना २०१२ पासून, म्हणजे सतरा-अठराच्या वयात, रोज बी-१२ची लहानशी मात्रा द्यायला सुरुवात झाली. या प्रयोगाचं नाव 'प्रिया'. मुलींची लग्नं झाली, बाळं झाली. जन्मवजनात फरक दिसला नाही. पण दोन ते साडेतीन वर्षांच्या बाळांची चाचणी घेतली तेव्हा बी-१२ मिळालेल्या आयांची मुलं समजेत आणि भाषेत पुढे होती. त्या मुलांच्या रक्तातल्या साखरेचं काय होतं ते कळायला ती निदान आपल्या आयांच्या वयाची व्हावी लागतील. तोपर्यंत मधुमेह्याच्या केसपेपरवर, आई-वडिलांना साखर आहे का या रकान्याखाली, जन्मवजनाचा एक रकाना वाढवायला कुणाची हरकत नसावी.